नवा डिझायनर आउटलेट मॉल: टॅगवरची काट मारलेली किंमत खरी मानायची का?

रिकामटेकडी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे हायवेला नुकताच एक डिझायनर आउटलेट मॉल उघडलाय. वहिनीबरोबर जाऊन आले आणि डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून हा धागा.

मॉल म्हणजे काचेची मजल्यांवर मजले असलेली इमारत नाही. बुटकी दुकानं, मधून फरसबंद रस्ता, झाडांच्या कुंड्या, बसायला बाकडी. निम्म्या दुकानांना अजून फळ्या ठोकलेल्या आणि त्यावर सुंदर बायकांचे मोठे फोटो: लवकरच येत आहोत. जी उघडलीत त्यांच्यात मात्र ही गर्दी. एका बॅगांच्या दुकानाबाहेर चक्क दोरी लावून रांग. दहा-बारा जणांना आत सोडायचे की दोरी परत बंद. आत गेल्यावर कळलं, दुकान रिकामंच होतं. रांग बाहेर दिसावी म्हणूनच ती दोरी असावी, असा माझा संशय.

मला एक नेव्ही ब्लू ब्लेझर आवडला. टॅगवर तीन किमती. वरची काट मारलेली, तिच्याखाली 'आउटलेट किंमत', आणि त्यावर लाल स्टिकर: आणखी ३० टक्के कमी. बेरीज-वजाबाकी करता करता आपण फार हुशारीने वागतोय असं वाटायला लागतं, ते वेगळंच. मी शहाणपणा करून मॉडेल नंबर फोनवर ब्रँडच्या साइटवर टाकला. सापडला नाही. विक्रेत्या मुलाला विचारलं, तर तो अभिमानाने म्हणाला, "मॅडम, हा पीस फक्त आउटलेटलाच येतो."

वहिनीला बॅग आवडली. तीच बॅग पाच रंगांत, प्रत्येक रंगाची भिंतभर चळत. आउटलेट म्हणजे उरलासुरला माल असं आम्ही समजत होतो. उरलेला माल एवढा नीटनेटका आणि एवढा भरपूर कसा?

ब्लेझर ठेवून आले. वहिनीने बॅग घेतली. आता पुढच्या आठवड्यात परत जायचा बेत आहे. माल खोटा असतो का? नसेल तर मूळ किंमत कुठली? आणि तिथे उभ्याउभ्या काय बघायचं?

पायपीट

खोटा नसतो. ब्रँडचंच दुकान असतं ते, नकली माल ठेवून स्वतःच्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? बाकी जाणकार सांगतीलच. माझा सल्ला फक्त पायांपुरता: आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा, पटकन घालता-काढता येतील असे कपडे आणि मोजे घालून जा, आणि ट्रायल रूमची रांग आधी बघा, रॅक नंतर. नव्या मॉलला पहिले काही महिने जत्रा असते. फळ्या निघाल्यावर जाणं जास्त शहाणपणाचं.

उसवण

रिकामटेकडी, त्या मुलाने तुम्हाला अगदी खरं उत्तर दिलंय, फक्त ते काय आहे हे त्याला माहीत नसावं. तो पीस फक्त आउटलेटलाच येत असेल, तर तो मोठ्या दुकानात कधी टांगलाच गेला नाही. मग काट मारलेल्या किमतीला तो कोणी, कधी, कुठे विकत घेतला?

माझी नोकरी तयार कपड्यांच्या कारखान्यांत गेली, क्वालिटीला. फिनिशिंगच्या टेबलावर माल उलटा करून बघायचा आणि खोक्यात जाऊ द्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं. निवृत्त झाले तरी बोटं शिवणीवर जातातच. लग्नात लोक नवरानवरी बघतात, मी नवऱ्याच्या कोटाची लॅपल, म्हणजे छातीवरची दुमडलेली पट्टी बघते.

तर आउटलेटच्या रॅकवर माल तीन वाटांनी येतो. मोठ्या दुकानात मोसमभर लागून न खपलेला माल ही पहिली वाट. तो ओळखायला सोपा, कारण त्याचे साइज तुटलेले असतात. मधले साइज आधीच खपलेले. उरतं ते अगदी लहान, अगदी मोठं आणि मोहरीच्या पिवळ्या रंगातलं काहीतरी. तुमचा साइज मिळाला तर नशीब. सूट खरी असते ती इथे.

दुसरी वाट सेकंड्स आणि सरप्लसची, म्हणजे दोष निघालेल्या आणि जास्तीच्या मालाची. कारखाना ऑर्डरपेक्षा थोडं जास्तच कापतो, कारण शिवताना, धुताना काही पीस बिघडणार हे धरलेलंच असतं. कमी बिघडले की उरतात. तपासणीसुद्धा प्रत्येक पीसची नसते. लॉटमधून ठरावीक नमुना काढायचा आणि त्यात किती दोष चालतील याचा तक्ता असतो. त्या मर्यादेला एक्यूएल म्हणतात, आणि कपड्यांत मोठ्या दोषांसाठी बहुतेक ठिकाणी ती २.५ धरतात. जे सेकंड म्हणून बाजूला पडतं, त्याचं लेबल पुष्कळदा कापलेलं असतं किंवा त्यावर मार्करची रेघ असते. लेबल कापलेलं दिसलं तर घाबरू नका, दोष शोधा. कधी तो आतल्या खिशाच्या पिशवीत असतो आणि आयुष्यभर कोणाला दिसत नाही. कधी एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असते, आणि मग तो कोट फुकटातही नको.

आता तुमची ती भिंतभर चळत. पाच रंग, सगळे साइज, सगळे ताजे. ही तिसरी वाट: माल आउटलेटसाठीच बनवलेला. आज कित्येक ब्रँडांच्या आउटलेटमध्ये मोठा भाग याचाच असतो. यात बेकायदा काही नाही, आणि काही कंपन्या ते उघड सांगतात. बनाना रिपब्लिक, जे क्रू या अमेरिकन ब्रँडांची 'फॅक्टरी' नावाने वेगळी दुकानंच आहेत. ब्रुक्स ब्रदर्सच्या आउटलेट मालावर '३४६' असं लेबल असायचं. तो त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या जुन्या दुकानाचा घर क्रमांक होता. ज्याला माहीत आहे त्याला कळतं, ज्याला नाही त्याला ते भारदस्त वाटतं.

हे असं का झालं, त्याचं गणित साधं आहे. सुरुवातीला ही खरोखर कारखान्याच्या दाराशी असलेली दुकानं होती, कामगारांना उरलंसुरलं विकायची. १९७० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमध्ये अशी दुकानं एकत्र आली, पुढे १९८५ साली न्यूयॉर्कजवळ वुडबरी कॉमन, १९९५ साली इंग्लंडमध्ये बिस्टर व्हिलेज, २००० साली जपानमध्ये फुजीच्या पायथ्याला गोतेम्बा. एवढी दुकानं बारा महिने भरायला उरलेला माल आणायचा कुठून? दर मोसमाला ज्या कंपनीचा एवढा माल उरेल ती कंपनी बुडेल. म्हणून 'उरलेला' माल नव्याने शिवावा लागतो.

आणि ही दुकानं गावाबाहेर का? जमीन स्वस्त, हे आहेच. पण शहरातल्या आपल्याच दुकानाचं गिऱ्हाईक पळू नये ही खरी काळजी. तासभर गाडी हाकून येणारा माणूस वेगळा. आणि एकदा एवढं लांब आला की तो रिकाम्या हाताने परत जात नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता तुमचा ब्लेझर. आउटलेटची ऑर्डर आली की नमुना तोच टेबलावर येतो, पण कॉस्टिंग शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, नवी असते. लांबून सारखं दिसलं पाहिजे आणि खर्च कमी झाला पाहिजे. मग कात्री कुठे लागते? जिथे नजर जात नाही तिथे. निव्वळ लोकरीच्या जागी लोकर-पॉलिएस्टर. शिंगाच्या बटणाऐवजी प्लॅस्टिकचं. शिवणीत आत सोडलेलं कापड कमी, म्हणजे पुढे कंबर वाढली तर उसवून सैल करायला वाव नाही. इंचाला टाके कमी, कारण टाके विरळ केले की मशीन लवकर मोकळं होतं. चौकड्याच्या कापडात खिशावरची चौकट अंगावरच्या चौकटीशी जुळवायची तर कापड वाया जातं, म्हणून जुळवायचीच नाही.

दुकानात उभ्याउभ्या असं बघा. ब्लेझरच्या सगळ्यात खालच्या बटणाजवळ बाहेरचं आणि आतलं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वेगळं ओढा. मधे तिसरा सुटा थर सरकताना लागला तर आत कॅनव्हास आहे, म्हणजे कोटाला आकार देणारं, शिवून बसवलेलं कापड. नाही लागला, तर तेच लॅपलपाशी, छातीवर करून बघा. तिथे लागला तर अर्धा कॅनव्हास. दोन्हीकडे नाही लागला तर फ्यूजिंग, म्हणजे गोंद लावलेला थर इस्त्रीने चिकटवलेला. फ्यूजिंग वाईटच असतं असं नाही, आजकालचे पुष्कळ कोट तसेच असतात. पण कॅनव्हासच्या किमतीला काट मारून फ्यूजिंग विकत असतील तर ती सूट नव्हे. मग खिशाचं तोंड, बगल आणि मागच्या फाटीचं वरचं टोक उलटून बघा. ताण तिथे पडतो, पक्का टाका तिथे हवा. शेवटी कॉम्पोझिशनचं, म्हणजे कापडात काय किती टक्के आहे त्याचं लेबल वाचा. टॅगवर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू दे, खरं बोलतं ते आतलं बारीक लेबल.

शर्ट घेणार असाल तर अंगठ्याचं वरचं पेर शिवणीवर ठेवा. ते साधारण इंचभर असतं. तेवढ्यात टाके मोजा. उत्तम शर्टाला १८-२० च्या आसपास येतात, साध्याला १२-१३. मी हे करताना लोक माझ्याकडे बघतात. बघू देत.

वहिनींच्या बॅगेचं: 'जेन्युइन लेदर' या शब्दांना फार भुलू नका. चामडं आहे एवढंच ते सांगतात, कुठल्या थराचं ते नाही. चामड्याचा वरचा थर चांगला. खालचा थर सोलून त्यावर प्लॅस्टिकचा लेप दिला की तेही चामडंच. बॅगेच्या पट्ट्याची किंवा आतल्या चेनजवळची न रंगवलेली कड सापडली तर तिथे बघा. तंतू दिसले तर चामडं, आणि वर वेगळी चकचकीत पापडी चढवल्यासारखी दिसली तर लेप. दाबल्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडल्या तर बरं. एकसारखा ठसा सगळीकडे असेल तर तो छापलेला.

काटकोन

उसवणताई, सुंदर माहिती. पण थोडं उलट बोलतो. आउटलेटसाठी बनवलाय म्हणून काय झालं? मी असे दोन शर्ट अनेक वर्षं वापरतोय, कॉलर विरली तरी आवडतात. कापड मला पटलं, किंमत पटली, विषय संपला. ब्रँड 'खरा' की 'आउटलेटचा' हा वाद म्हणजे दुसऱ्याने बघून ओळखावं म्हणून कपडे घेणाऱ्यांचा.

माझा आक्षेप फक्त काट मारलेल्या आकड्यावर आहे, आणि तो माझ्या एकट्याचा नाही. अमेरिकेत २०१४ साली काही खासदारांनी फेडरल ट्रेड कमिशनला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेला पत्रच लिहिलं होतं की आउटलेटमधला माल मुळात तिथल्यासाठीच बनत असेल तर 'मूळ किंमत' दाखवणं ही फसवणूक नाही का, ते तपासा. युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून नियम असा की दुकानाने किंमत कमी केली असं जाहीर केलं तर आधीच्या किमान ३० दिवसांतली स्वतःची सगळ्यात कमी किंमत दाखवायची. आदल्या आठवड्यात किंमत चढवून मग 'उतरवायची' हा खेळ त्याने अडचणीत आला. पण टॅगवर 'पूर्वीची किंमत' लिहिलीय की 'सुचवलेली किरकोळ किंमत', ते नीट वाचा. दुसरी किंमत म्हणजे कंपनीने सुचवलेला आकडा. त्या दुकानात तो कधी लागू होता असं त्यातून सिद्ध होत नाही.

उसवण

काटकोन, तुमच्या शर्टांशी माझं भांडण नाही. चांगला शिवला असेल तर तो कुठल्याही दुकानातला चांगलाच. मी म्हणतेय ते एवढंच की त्याची तुलना काट मारलेल्या आकड्याशी करू नका. तशाच कापडाचा, तशाच शिवणीचा, नाव नसलेला शर्ट साध्या दुकानात कितीला मिळतो त्याच्याशी करा. पुष्कळदा आउटलेटची किंमत त्याहून जास्त निघते, आणि वरचा फरक आपण नावासाठी मोजलेला असतो. मोजावा की, आवडत असेल तर. फक्त 'वाचवले' म्हणू नये.

एक मात्र तुमच्या बाजूने. उरलेला माल आउटलेटला जाणं हे तो जाळण्यापेक्षा कधीही बरं. बर्बेरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडने २०१८ च्या अहवालात एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचं दाखवलं होतं. ओरड झाली तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ते बंद केल्याचं जाहीर केलं. नाव स्वस्त होऊ नये म्हणून धडधाकट कपडे जाळायचे! फ्रान्सने पुढे कायद्यानेच २०२२ पासून न विकलेले कपडे नष्ट करायला बंदी घातली. एकेक पीस हातात धरून तपासणाऱ्या बाईला ही बातमी वाचून काय वाटलं असेल ते सोडा.

रिकामटेकडी

बाप रे, किती सविस्तर! ताई, खूप आभार. वहिनीने आत्ताच बॅग पालथी करून आतली कड शोधली. तंतू दिसतायत, पण वर पापडीही आहे. आता ती दोन्ही बाजूंनी वाद घालतेय.

आणखी एक विचारते. बुटांचं काय? एका दुकानात जुन्या मॉडेलचे स्पोर्ट्स शूज होते, साइज तुटलेले, म्हणजे तुमच्या हिशोबाने पहिल्या वाटेचा, खरा उरलेला माल. नवऱ्याच्या मापाचा जोड मिळतोय. डोळे झाकून घ्यावा का?

उसवण

बूट डोळे उघडे ठेवूनच घ्या, कारण तिथे माझाच नियम उलटतो. कपडा कपाटात पडून राहिला तर फारसं बिघडत नाही. बुटाचा सोल बिघडतो. पॉलियुरेथेन (पीयू) या प्लॅस्टिकचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो, न वापरता, खोक्यात बंद असला तरी. उष्ण आणि दमट गोदामात लवकर. वरून बूट कोरा करकरीत दिसतो आणि पायात घालून चारदा चाललं की सोल भुसभुशीत होऊन पडतो. लोक मग म्हणतात डुप्लिकेट निघाला. डुप्लिकेट नसतो, म्हातारा असतो.

म्हणून जिभेच्या आतल्या लेबलवर किंवा खोक्यावर उत्पादनाची तारीख असेल तर ती बघा. बूट दोन्ही हातांनी वाकवा, सोलच्या बगलेला केसासारख्या भेगा दिसतात का पाहा. अंगठ्याने दाबल्यावर चिकट लागलं किंवा दाबलेला खळगा तसाच राहिला तर ठेवून द्या. ईव्हीए या दुसऱ्या, फोमसारख्या प्लॅस्टिकचा सोल या बाबतीत बरा. तो कालांतराने कडक होतो, पण असा चुरा सहसा होत नाही. पीयूचा लेप दिलेल्या बॅगा आणि जॅकेटं यांनाही हाच रोग. वहिनींना सांगा, पापडी आहे ना, मग बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवू नका. वापरा.

चामड्याचे बूट घेत असाल तर युरोपात विकल्या जाणाऱ्या जोडांवर तळाशी किंवा आत छोटी चित्रं असतात. जनावराच्या कातड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे चामडं. त्याच चित्रात बारीक चौकोनी हिरा असेल तर लेप दिलेलं चामडं. नुसता हिरा म्हणजे इतर काहीतरी, आणि जाळी म्हणजे कापड. वरचा भाग, अस्तर, सोल, तिन्हींचं वेगवेगळं दिलेलं असतं. वरचा भाग चामड्याचा आणि आत, सोलला हिरा, अशी जोडी बरीच सापडेल.

पायपीट

यात बदलून घेण्याचं राहिलं. पैसे देण्याआधी काउंटरवर विचारा: परत घेता की फक्त बदलून देता, किती दिवसांत, आणि ब्रँडच्या शहरातल्या दुकानात चालेल का. बहुतेक आउटलेटच्या वस्तू फक्त आउटलेटलाच परत घेतात. म्हणजे एका साइजसाठी पुन्हा तासभर गाडी. 'फायनल सेल' लिहिलेलं असेल तर तेही नाही. सेकंड म्हणून विकलेल्या मालाला ज्या दोषासाठी किंमत उतरवली त्या दोषाची तक्रार करता येत नाही, हे ओघाने आलंच.

रिकामटेकडी

वहिनीची पावती काढून बघितली. मागे बारीक अक्षरात: टॅग शाबूत हवा, याच दुकानात, फक्त बदली. टॅग तिने गाडीतच तोडला होता.

ब्लेझरची चिमटी घेऊन बघायला बुधवारी सकाळी जातेय. साइटवर न सापडलेल्या त्या मॉडेलची तुलना कशाशी करायची तेही आता कळलं. जाताना घरातला जुना, शिंप्याकडून शिवलेला कोट बरोबर नेऊ का? शेजारी ठेवून बघता येईल.

उसवण

जरूर न्या, पण आत शिरतानाच दारावरच्या माणसाला दाखवून ठेवा. नाहीतर बाहेर पडताना तुमच्याच कोटाची पावती मागतील. आणि दोन्ही उलटे करून शेजारी ठेवा, सरळ नको.